ज्युरी ‘कॉन्सेप्ट काय?’ विचारते तेव्हा: चिपळूणच्या एसटी स्थानकाचा एक स्टुडिओ प्रकल्प

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि या सत्राचा डिझाइनचा विषय आहे चिपळूणचं एसटी स्थानक. पहिल्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या बैठकीत, त्याला ऐकावं लागलं, ‘फंक्शन बसवलंयस, पण कॉन्सेप्ट कुठे आहे?’ म्हणून त्याने चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचा प्रवाह हा कॉन्सेप्ट घेतला आणि छताला लाटा दिल्या. दुसऱ्या ज्युरीत बाहेरून आलेले आर्किटेक्ट म्हणाले, ‘हे ओढूनताणून आणलंय.’ गाइडना मात्र लाटा आवडल्या होत्या. सबमिशनला सहा आठवडे उरले आहेत. सगळं पुसून नव्याने सुरू करू का, दोघांतल्या कुणाचं ऐकू, आणि या स्टुडिओच्या, म्हणजे कॉलेजातल्या डिझाइनच्या वर्गाच्या, पद्धतीचा पुढे प्रत्यक्ष कामात काही उपयोग असतो का, असं त्याने विचारलं आहे.

मी स्वतःचं ऑफिस चालवते आणि बरीच वर्षं व्हिजिटिंग म्हणून स्टुडिओत शिकवते आहे, त्यामुळे ज्युरीच्या टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

नव्याने सुरू करू नकोस. प्लॅन आहे तसा राहू दे, छत सध्या बाजूला ठेव आणि पुढचे आठ-दहा दिवस फक्त सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं दाखवणारं ड्रॉइंग, काढ. असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण ते कळलं नाही तर सेक्शनही आणखी एक शीट होऊन बसेल.

दोन्ही ज्युरींनी तुला एकच गोष्ट सांगितली आहे. पहिल्या वेळी तुझ्या प्लॅनमध्ये प्रतीक्षागृह, चौकशी, उपाहारगृह, पार्सल, पासची खिडकी, स्वच्छतागृहं असं सगळं होतं आणि क्षेत्रफळंही जुळत होती. पण उपाहारगृह आणि पार्सल यांची अदलाबदल केली असती तर बिघडलं काय असतं? काहीच नाही. एखादी गोष्ट हलवली आणि बाकी कशालाच धक्का लागला नाही, तर त्या आराखड्यात ठरवलेलं असं काही नाही, नुसतं मांडलेलं आहे. कॉन्सेप्ट विचारताना ज्युरी हे शोधत असते की तुझा पहिला निर्णय कुठला, ज्याच्या आधाराने बाकीचे निर्णय झाले. तू त्या प्रश्नाला नदी हे उत्तर दिलंस. नदीचा छताच्या आकाराशी संबंध जोडलास, पण लाटा काढून सपाट पत्रा टाकला तरी खालचा प्लॅन तसाच राहतो. म्हणून बाहेरच्या आर्किटेक्टना ते ओढलेलं वाटलं.

यात गंमत अशी की नदी हाच तुझ्या प्रकल्पाचा खरा विषय आहे. तू तिच्याकडे चित्र म्हणून पाहिलंस, पाणी म्हणून पाहायचं राहून गेलं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी चिपळुणात शिरलं. बाजारपेठेतले तळमजले बुडाले. एसटीचं आगार पाण्याखाली गेलं, आणि आगाराचे व्यवस्थापक दिवसभराची जमा झालेली रोकड सांभाळत बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. ही बातमी तेव्हा महाराष्ट्रभर वाचली गेली. त्याआधी जुलै २००५ मध्येही शहर असंच बुडालं होतं. तुला सत्राच्या सुरुवातीला दिलेल्या ब्रीफमध्ये ‘कॅश रूम, २० चौ.मी.’ अशी एक ओळ असेल. ती खोली कुठल्या पातळीवर, हा प्रश्न त्या ओळीत नाही. तो तूच विचारायचा होतास. विचारलास की डिझाइन तिथून सुरू होतं.

जलसंपदा विभागाच्या पूररेषा तुला माहीत असतील. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटीमीटर वर हवी, असं राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली सांगते. आता आपल्या साइटवर जोत्याची ही पातळी जमिनीपासून दीड मीटर वर येते, असं उदाहरणापुरतं धर. खरा आकडा नगरपरिषदेत जाऊन पूररेषेच्या नकाशावरून काढायचा, ते काम उद्याचं.

दीड मीटर जोतं म्हणजे १:१२ च्या उताराने १८ मीटर रॅम्प, मधले विसावे धरून वीस मीटरच्या पुढे. त्याच वेळी बस जमिनीवर उभी आहे. फलाट तिच्या दारापाशी, रस्त्यापासून फार तर एक पायरी वर असायला हवा. एसटीचा प्रवासी कोण? ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. म्हणजे फलाटावर आजी आहे, कडेवर मूल आणि हातात पिशव्या असलेली बाई आहे, शाळेची मुलं आहेत, मासळीची पाटी घेऊन निघालेल्या बायका आहेत. त्यांना नऊ-दहा पायऱ्या चढायला लावून पुन्हा बससाठी उतरवणार का?

हा खरा पेच आहे. पाणी इमारतीला वर ढकलतं आणि माणसं तिला खाली ओढतात. याचं उत्तर प्लॅनमध्ये मिळणारच नाही, कारण प्लॅनला उंची नसते. म्हणून सेक्शन म्हणते.

एक उत्तर असं असू शकतं. (माझं आहे, तुझं वेगळं निघू दे.) भिजलं तरी चालेल ते सगळं खाली आणि भिजून चालणारच नाही ते सगळं वर. फलाट, बसायची जागा, चहाची टपरी, स्वच्छतागृहं ही जमिनीच्या जवळ, पण पाणी ओसरलं की पाइप लावून धुता येतील अशी. खाली जांभा, शहाबादी किंवा कोटा फरशी, काँक्रीटचे बाक. प्लायवूड नाही, जिप्सम नाही, विजेचा बोर्ड डोक्याच्या वर. कॅश, तिकिटाची यंत्रं, कागदपत्रं, विजेची मुख्य पॅनेल, वायरलेस, मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकांची झोपायची खोली हे सगळं वरच्या मजल्यावर. तिथे जाणारा जिना रुंद आणि फलाटावरून थेट दिसणारा, कारण पूर आला की त्या जिन्याने फक्त कर्मचारी वर जाणार नाहीत, अडकलेले प्रवासीही जाणार आहेत. मग वर एक मोठी मोकळी गच्ची किंवा पडवी लागेल. एरवी तिचा उपयोग काय? गणपतीला. मुंबईहून चाकरमान्यांच्या जादा गाड्या सुटतात आणि परतीच्या दिवशी स्थानकात पाऊल ठेवायला जागा नसते. वर्षातले ते आठ-दहा दिवस आणि पुराचा एखादा दिवस, दोन्हींसाठी तीच जागा.

इथवर आलास की बघ, कॅश रूम खाली आणायचा प्रयत्न केला तर सगळा आराखडा हरकत घेतो. उपाहारगृहाचं स्वयंपाकघर खाली की वर, याचं उत्तरही आता तुझ्या आवडीवर राहत नाही. गॅस, फ्रिज, धान्य वर जायला हवं, मग बशा खाली कशा यायच्या, छोटी लिफ्ट की वरच बसायचं? असे प्रश्न आपोआप सुटू लागतात किंवा निदान नेमके होऊ लागतात. त्या मधल्या रेषेला, जिच्या खाली भिजायचं आणि वर कोरडं राहायचं, कॉन्सेप्ट म्हण. ज्युरीत ती एका सेक्शनवर निळ्या पेन्सिलीने काढून दाखवता येते. शीटवर इंग्रजी कवितेची ओळ लिहायची गरज पडत नाही.

आता छताकडे ये, कारण तुझा जीव तिथे अडकलाय हे मला कळतं. लाटांचं छत सोडायचं दुःख होऊ देऊ नकोस, कारण कोकणातल्या स्थानकात छत हाच सगळ्यात कठीण भाग असतो. फक्त तो आकाराने सुटत नाही.

आपल्याकडे बहुतेक स्थानकांत बस नाक फलाटाकडे करून उभी राहते. पुढची पाटी फलाटावरून वाचता यावी, हे त्यामागचं साधं कारण. निघताना ती मागे घेतात, वाहक मागे उभा राहून शिट्टी मारतो. अशी बस फलाटाची साधारण ४ मीटर लांबी घेते. तीच फलाटाला समांतर लावली तर बसची लांबी आणि पुढची-मागची जागा धरून १५ ते २० मीटर जातात. बारा गाड्यांसाठी एका पद्धतीत ४८ मीटर फलाट पुरतो, दुसऱ्या पद्धतीत दोनशे मीटरच्या आसपास लागतो. त्यामुळे तुझ्या साइटवर नाक फलाटाकडेच. पण मग दार डाव्या अंगाला, फलाटापासून काही मीटर आत, दोन गाड्यांच्या मध्ये. जुलैत तिथे उभं राहून बघ. दोन्ही गाड्यांच्या टपावरचं पाणी त्या चिंचोळ्या पट्टीत पडत असतं आणि माणसं डोक्यावर पिशवी धरून त्यातून पळतात.

तुझं छत फलाटाच्या काठापासून ३ मीटर पुढे आलंय. बस साडेतीन मीटरच्या आसपास उंच, म्हणून छताची कड साडेचार मीटरवर घेतलीस, ते बरोबर. पण पाऊस ४५ अंशांत तिरका आला, आणि कोकणात तो येतोच, तर साडेचार मीटर उंचीच्या कडेखालून तो साडेचार मीटर आत येतो. म्हणजे तुझ्या ३ मीटर छताखाली प्रवासी भिजतोच, वर फलाटाचा दीड मीटरही ओला. दारापर्यंत कोरडं ठेवायचं तर छत फलाटापासून दहा मीटरच्या घरात पुढे यावं लागेल. ते खांबाशिवाय पेलायचं तर लोखंडी ट्रस (त्रिकोणी जोडणीचा सांगाडा) लागेल, आणि जुलैतल्या वाऱ्यात तो वर उचलला जाऊ नये म्हणून मागे जखडावाही लागेल. दुसरा मार्ग म्हणजे दोन गाड्यांच्या मध्ये फलाटाची एकेक अरुंद जीभ काढायची आणि तिच्यावर वेगळं, खाली उतरलेलं छत टाकायचं. मग एका गाडीला ४ ऐवजी साडेपाच मीटर जागा लागेल आणि बारा गाड्यांचा फलाट ६६ मीटरांचा होईल. साइटवर बसतो का, मोज. बसत नसेल तर दोन गाड्या कमी करायच्या की छत लांब न्यायचं, हा निर्णय तुझा. पण तो मोजून घेतलेला असेल.

आणि पाणी पडल्यावर जातं कुठे? हा प्रश्न मी प्रत्येक ज्युरीत विचारते आणि तिसऱ्या वर्षात क्वचितच कुणाच्या शीटवर उत्तर असतं. हजार चौरस मीटर छतावर तासाला १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे तासाला १०० घनमीटर, सेकंदाला जवळजवळ २८ लिटर पाणी. तुझ्या लाटांच्या प्रत्येक दरीत ते जमा होणार. दरीला पन्हळ लागेल, पन्हळीला उतार, उताराच्या शेवटी नळ, नळाच्या खाली गटार. एका दरीत पानं अडकली की पाणी प्रतीक्षागृहात. लाटा ठेवायच्याच असतील तर प्रत्येक दरीचा सेक्शन १:२० च्या मोठ्या प्रमाणात काढून दाखव. मी तुला थांबवणार नाही. काढताना तुलाच कळेल किती दऱ्या परवडतात, आणि बहुधा एकच मोठी दरी उरेल, खांबांच्या रांगेवर नेमकी. त्या एका दरीतून पडणारं पाणी लोकांना दिसेल असं खाली टाकीत सोडलंस, तर तुझ्या नदीला छतावर काही तरी काम मिळेल.

पावसाळ्यात वारा पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो. फलाटाची उघडी बाजू तिकडे आहे का, एवढं एक तपासून बघ. असेल तर प्लॅन आरशात धरल्यासारखा उलटवून पाहायला अर्धा तास लागतो.

ज्युरीत दाखवायला चांगलं उदाहरण हवं असेल तर परदेशातलं विमानतळ शोधत बसू नकोस. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी केलेली घरांची वसाहत आहे, एका दिवसात बघून येशील. सात घरं ८ मीटर बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती, असे तीन गट मिळून एकवीस घरं १२ बाय १२ मीटरच्या मोठ्या अंगणाभोवती, आणि असंच पुढे वाढत जाणारं. तिथला मूळ निर्णय असा की कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे ज्याला हवं त्याला हवं तेव्हा आपलं घर वाढवता यावं. आज गेलास तर मूळ घरं थोडीच दिसतील, बाकीच्यांनी मजले चढवलेत, काहींनी पाडून बंगले बांधलेत. अंगणं मात्र जागेवर आहेत. घरं बदलणार हे ज्याने आधीच धरलं होतं त्याचा निर्णय इतक्या बदलांनंतरही टिकून आहे. बंगल्यांचे रंग पाहून नाक मुरडू नकोस, अंगणांची मापं घे.

स्थानकाच्या बाबतीत केस स्टडी म्हणून इंटरनेटवरचे प्लॅन चिकटवण्यापेक्षा एखाद्या तालुक्याच्या स्थानकात पहाटेपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत बस. कंट्रोलरच्या खिडकीशी गर्दी कधी होते, शाळा सुटल्यावर मुलं कुठे उभी राहतात, सावली सरकली की बाकं कशी रिकामी होतात, स्त्रिया स्वच्छतागृहाकडे जायला का कचरतात. या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबते. तुझ्या प्लॅनमध्ये महिलांचं स्वच्छतागृह इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात, पार्किंगच्या बाजूला आहे. ‘सर्व्हिसेस मागे’ हा स्टुडिओत शिकवला जाणारा सरधोपट नियम आहे आणि स्थानकात तो चुकीचा आहे. रात्री साडेनऊला एकटी मुलगी त्या कोपऱ्यात जाणार नाही. दार फलाटाच्या उजेडात, चौकशीच्या खिडकीच्या नजरेत हवं. आतलं दिसू नये म्हणून वळण आत घ्यायचं. हिरकणी कक्षाचंही तसंच. तान्ह्या बाळाला पाजायला आईने बसावं म्हणून ती खोली असते. तिथून तिला आपली गाडी लागली हे ऐकू यायला हवं, शक्यतो जाळीतून दिसायलाही हवं. नाही तर ती खोली कुलूपबंद राहते, आणि अनेक ठिकाणी ती तशी राहते ती काही बायकांना गरज नाही म्हणून नव्हे. पुरुषांच्या आणि महिलांच्या स्वच्छतागृहाला सारखंच क्षेत्रफळ दिलंयस, तेही बदल. बायकांना जास्त वेळ लागतो, सोबत मुलं असतात, आणि निम्म्या तिकिटानंतर प्रवाशांत त्यांची संख्या वाढली आहे.

या अशा गोष्टींना स्टुडिओत डिझाइन मानत नाहीत, ‘डिटेल’ म्हणून पुढे ढकलतात. मला ते पटत नाही. स्थानक हे अशाच गोष्टींचं बनलेलं असतं.

सहा आठवड्यांचं म्हणशील, तर पहिला दीड आठवडा सेक्शन. १:१०० मध्ये एक लांब सेक्शन, रस्त्यापासून बस, फलाट, इमारत, मागची गल्ली असा सलग, बटर पेपरवर हाताने. त्यावर पुराच्या दोन्ही पातळ्या, बसची खरी उंची, माणसं आणि तिरका पाऊस. एकावर एक बटर पेपर टाकत दिवसाला दोन-तीन काढ, आधीचे फेकू नकोस. मग त्यातून प्लॅन दुरुस्त कर. बसच्या वळणासाठी बाहेरची त्रिज्या १२ मीटरच्या आसपास धरून कागदाची बस कापून साइट प्लॅनवर प्रत्यक्ष फिरवून बघ. कॅडमध्ये वर्तुळ काढल्याने मागे घेणारी बस आणि आत येणारी बस एकमेकींना अडतात ते कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सनबोर्डचं साधं मॉडेल, १:२०० चं, छत उचलता येईल असं. सादरीकरणाचं मॉडेल हे नव्हे, हे मोडायला केलेलं. शेवटचे दोन आठवडे शीट्स. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात नवीन काही सुचलं तर वहीत लिहून ठेव, आराखड्यात घालू नकोस.

रेंडर, म्हणजे इमारत खरी दिसावी अशी संगणकावरची चित्रं, शेवटच्या चार दिवसांत, एक किंवा दोन. हल्ली एआयने केलेली चित्रं ज्युरीत येतात, दिसायला मोहक. मी त्यांना विरोध करत नाही, पण चित्रातला जिना प्लॅनमध्ये नसला तर मी पुढचं बघतच नाही.

आणि जागरण. लागोपाठ रात्री न झोपता सबमिशन करणं हा आपल्या कॉलेजांत अभिमानाचा विषय झालाय. पॅरिसच्या एकोल दे बोझार् या जुन्या कलाशाळेपासून हे चालत आलंय. तिथे विद्यार्थ्यांची ड्रॉइंग्ज गोळा करायला हातगाडी फिरायची आणि मुलं ती निघता निघता शेवटच्या रेषा मारायची, असं सांगतात. पण त्याच शाळेत एक फार चांगली शिस्तही होती. प्रकल्पाच्या सुरुवातीलाच विद्यार्थ्याने एकट्याने बसून, मदतीशिवाय, काही तासांत छोटा आराखडा काढायचा आणि नंतरचे आठवडे त्याच्याशी प्रामाणिक राहून तो वाढवायचा. मूळ कल्पना सोडली तर प्रकल्प बाद. आपले टाइम प्रॉब्लेम, म्हणजे ठरावीक तासांत सोडवायचे डिझाइनचे प्रश्न, त्याचेच वंशज. जागरण आपण उचललं आणि लवकर ठरवून त्याला धरून राहायची सवय मागे सोडली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. न झोपलेला मुलगा ज्युरीत स्वतःच्याच प्लॅनवर उत्तर दिशा शोधत राहतो. कटरने बोटं कापून घेतलेली मुलंही मी पाहिली आहेत. रात्री बाराला दिवा बंद कर. ज्युनिअर्सना मॉडेलला बोलावशील, त्यांनाही झोपू दे.

कुणाचं ऐकू, हा प्रश्न. ज्युरीतली शेरेबाजी एका वहीत दोन रकान्यांत लिही. एकात त्यांना काय खटकलं, दुसऱ्यात त्यांनी काय कर म्हणून सांगितलं. पहिला रकाना जवळजवळ नेहमी खरा असतो. अनुभवी माणसाची नजर दुखऱ्या जागी बरोबर जाते. दुसरा रकाना बऱ्याचदा त्यांचं स्वतःचं औषध असतं, त्यांच्या प्रकृतीचं. तुझ्या बाबतीत गाइड आणि बाहेरचे आर्किटेक्ट यांचे दुसरे रकाने भांडतात, पहिले भांडत नाहीत. गाइडना लाटा का आवडल्या, हे तू विचारलंस का? माझा अंदाज आहे की पहिल्या प्लॅनपेक्षा त्या वेळी त्यांना तुझ्यात काही ठरवायची इच्छा दिसली, म्हणून. तो सेक्शन घेऊन त्यांच्याकडे जा. ‘सर, लाटा काढल्या’ असं म्हणून सुरुवात करू नकोस. ‘सर, पाणी इथपर्यंत येतं, म्हणून हे वर गेलं’ असं म्हण आणि गप्प बस. मग ते बोलतील ते ऐकण्यासारखं असेल.

काही ज्युरींमध्ये मुलांची शीट फाडतात, मॉडेल ढकलून देतात, ‘तू हे क्षेत्र सोड’ असं सांगतात. तुझ्याशी असं झालं असेल तर त्यात शिकण्यासारखं काहीही नव्हतं. ते शिकवणं नव्हे. काम कठोरपणे तपासायला माणसाचा अपमान करावा लागत नाही, हे ज्यांना जमत नाही त्यांनी ज्युरीला बसू नये, असं मी सहकाऱ्यांना तोंडावर सांगत आले आहे. तुझ्या कॉलेजात असं घडत असेल तर वर्गातल्या चार-पाच जणांनी मिळून विभागप्रमुखांना लेखी द्या. एकट्याने देऊ नकोस.

राहिला उपयोगाचा प्रश्न. ऑफिसात तुला कुणी सोळा आठवडे एका स्थानकावर विचार करू देणार नाही. क्लायंट असेल, बजेट असेल, नगरपरिषदेची मंजुरी, स्ट्रक्चरल इंजिनिअर, कंत्राटदार. स्टुडिओत यातलं जवळपास काहीच नसतं, ही उणीव खरी आहे आणि ती कॉलेजांनी भरून काढायला हवी. तिसऱ्या वर्षाच्या ज्युरीला एखादा आगारातला माणूस, एखादा बस चालवणारा का बोलावत नाहीत, हे मला आजवर कळलेलं नाही. पण ऑफिसात नवीन आलेल्यांत कोण टिकतं ते मी पाहते. साइटवरून फोन येतो, ‘मॅडम, इथे बीम खाली येतोय, पायरी बसत नाही.’ ज्याला आपला पहिला निर्णय माहीत असतो तो दोन मिनिटांत सांगू शकतो की पायरी हलवायची की बीम, कारण यातलं कुठलं कशासाठी होतं ते त्याला ठाऊक असतं. दुसरा नुसती ड्रॉइंग चाळत राहतो. ही सवय स्टुडिओशिवाय दुसऱ्या कुठल्या विषयात लागत नाही. स्ट्रक्चरच्या पेपरात उत्तर बरोबर किंवा चूक असतं. इथे दहा उत्तरं चालतात आणि त्यातलं एक घेऊन त्याची जबाबदारी घ्यायची असते.

आर्किटेक्ट अच्युत कानविंदे कोकणातल्या आचऱ्याचे. जे.जे.मध्ये शिकले, मग हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस या आर्किटेक्टच्या हाताखाली, आणि परत येऊन त्यांनी आयआयटी कानपूरचा परिसर डिझाइन केला. त्यांच्या इमारतींचे सेक्शन मिळाले तर बघ. उजेड कुठून येतो, वारा कुठून जातो, माणसं कुठल्या पातळीवर चालतात, हे एका रेषेत वाचता येतं. फोटोवरून त्यांच्या कामाचं मोठेपण लक्षात येत नाही, सेक्शनवरून येतं.

पुढे ट्रेनिंगचं सत्र येईल तेव्हा ऑफिस निवडताना मोठ्या नावापेक्षा एकच चौकशी कर, शिकाऊ मुलांना साइटवर पाठवतात का. आणि आत्ता, या आठवड्यात, नगरपरिषदेत जाऊन पूररेषेचा नकाशा आण. कार्यालय सकाळी उघडतं तेव्हाच जा, दुपारनंतर नकाशाचा माणूस बहुधा साइटवर असतो. साइटवरच्या जुन्या दुकानदारांना २०२१ चं पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं ते विचार. हात वर करून दाखवतील, त्याची उंची टेपने मोजून घे आणि ती रेघ सेक्शनवर सगळ्यात आधी मार.